'जाते' नाही, 'येते' म्हण

मनू,
तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. क्लासला निघताना तू 'आजी, मी जाते' म्हणालीस आणि ती एकदम 'जाते म्हणू नये, येते म्हणावं' म्हणाली, आणि तुला कळेना की जायचं असताना 'येते' कसं म्हणायचं. बरं झालं विचारलंस गं.

आपल्यात 'गेले' म्हणजे वारले. पणजोबा गेले, मोठ्या काकू गेल्या, असं आपण म्हणतोच ना, म्हणून उंबऱ्यावर उभं राहून तो शब्द कोणी स्वतःबद्दल काढत नाही, दांडिया बाजारातून दूध आणायला निघालेले आजोबाही 'येतो गं' म्हणूनच निघतात. गणपतीलासुद्धा जा म्हणत नाहीत, उत्तरपूजेत गुरुजी 'पुनरागमनाय च' म्हणतात, म्हणजे परत येण्यासाठी, आणि मग बाप्पाच्या हातावर दही. शेजारच्या काकी गुजरातीत 'आवजो' म्हणतात तेही तेच, 'या हं'. गायकवाडांनी 1734 साली बडोदं घेतलं तेव्हापासून आपण एकमेकांशेजारी राहतोय, पण आपलं 'येतो' काही त्यांच्याकडून आलेलं नाही, पुण्या-साताऱ्याकडेही असंच म्हणतात.

पूर्वी तर मुहूर्त आज आणि निघणं परवा असं झालं की थोडं सामान आजच शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचे, त्याला प्रस्थान ठेवणं म्हणायचे. देहू-आळंदीहून पालख्या निघतात त्यालाही प्रस्थानच म्हणतात बघ.

पण मला सगळ्यात आवडतो तो 'निरोप'. निरोप म्हणजे मेसेज पण आणि निघायची परवानगी पण. निघणारा तो घेतो आणि घरातलं मोठं माणूस देतं, स्वतःचा स्वतः घेऊन निघता येत नाही. म्हणून आजी कुणाकडून निघताना 'येऊ का?' असं विचारते आणि समोरून 'या' आलं की मगच चपला पायात घालते, तोपर्यंत दारातच अर्धा तास गप्पा होतात आणि मला तो अर्धा तास इथे फार आठवतो. तर तू नुसतं 'येते' म्हणून पळू नकोस, 'येऊ का आजी?' विचार आणि तिचं 'ये' ऐकून मग जिना उतर.

आणि हो, फोनवर ती 'ठेवू का?' विचारते ना, तेही हेच. तू लाल बटण दाबून मोकळी होतेस. तिला आधी 'हो, ठेव आजी' म्हणत जा.

आई