पोले ना काझी

प्रिय लेकी,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

टांझानियातल्या मिशनच्या दवाखान्यात तुझी निवड झाल्याचं तुझ्या आईनं उपासनेनंतर सगळ्यांना सांगितलं, तेव्हा तिचा आवाज भरून आला होता. मग तुझं पत्र आलं. त्यात तू एकच प्रश्न तीन ठिकाणी विचारला आहेस: ‘मी तिथल्या लोकांना काय देऊ शकेन?’ देण्याबद्दल तुला पुष्कळ जण सांगतील. मी घेण्याबद्दल लिहिते.

किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३ ला, तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं झोपली आणि पहाटे चारच्या सुमारास दगडमातीची माळवदाची घरं त्यांच्या अंगावर आली. जालन्याहून आमची तुकडी गेली, त्यात मी अगदी नवखी डॉक्टर. एका परदेशी डॉक्टरांसोबत मला दुभाषी म्हणून दिलं. ते एका म्हातारीच्या पायाची जखम धूत होते. ती दुखतंय म्हणाली नाही. त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली आणि मला म्हणाली, ‘ह्या लेकरानं सकाळपासून काही खाल्लं का गं?’ डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणते ती? बाहेर रांग लागलेली. मी म्हटलं, काही विशेष नाही.

ते वाक्य मी सांगायला हवं होतं. सगळं गेलेल्या बाईकडं देण्यासारखं तेवढंच उरलं होतं, आणि मी ते मधल्यामधे अडवलं.

काही वर्षांनी टांझानियातच, व्हिक्टोरिया सरोवराकडच्या एका दवाखान्यात मी गेले. मलेरियानं रक्त उतरलेलं एक लेकरू रक्त आणि क्विनाईन देऊन वाचलं. घरी सोडताना मी त्याच्या आईला फेरतपासणीसाठी दुपारी तीनला बोलावलं. नव्यानं शिकलेल्या स्वाहिलीत ऐटीत म्हणाले, ‘सा तातू’. सा म्हणजे तास, तातू म्हणजे तीन. पण तिथं दिवस उजाडल्यापासून तास मोजतात. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आणि नऊ म्हणजे तीन. ती बाई नऊला येऊन बसली. मी बाळंतपणाच्या वॉर्डात अडकलेली, डॉक्टर येतील म्हणून कुणी तिला काही विचारलं नाही. तीनला मी व्हरांड्यात आले तर खांगा, म्हणजे तिथल्या बायका अंगाला गुंडाळतात ते कापड, पसरून त्यावर लेकरू निजवलेलं आणि ती भिंतीला टेकून बसलेली. सहा तास झाले होते. मला कसं तोंड दाखवावं कळेना. तीच उठली आणि म्हणाली, ‘पोले ना काझी, डाक्तारी.’

माझ्याबरोबरच्या वयस्क सिस्टरनं सांगितलं, ‘काम करून दमलात, तुमच्यासाठी वाईट वाटतं, असं म्हणतेय ती.’ तिनं ते वाक्य गाळलं नाही. मला त्या क्षणी किल्लारीची म्हातारी आठवली आणि मी तिथंच खाली बसले.

ह्या सिस्टरांकडून शीक. अंबाजोगाईला तू फवारणीची विषबाधा डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्यांवरून ओळखायला शिकलीस ना? तशी तिथली सिस्टर लेकराची मूठ उघडून तळहात फिका पडलाय का बघते आणि तू हिमोग्लोबिनच्या रिपोर्टची वाट बघत असतेस तोवर रक्त द्यायला नातेवाइकांना बोलावून ठेवते. आता क्विनाईनच्या जागी आर्टेसुनेट आलंय, औषधानं रक्तातली साखर उतरायची धास्ती कमी झालीय. पण तळहात आजही बघावाच लागतो.

भाषेचं म्हणशील तर मराठवाड्याच्या कानाला ती फार परकी वाटत नाही. औषधाला दावा, दुकानाला डुका, साखरेला सुकारी, चपातीला चपातीच. दवा, दुकान हे अरबी शब्द आपल्याकडं फारसीतून आले, तिकडं समुद्रावरून गेले. पण ह्या ओळखीच्या शब्दांवर भिस्त ठेवू नकोस, माझं घड्याळ आठव. वडीलधाऱ्यांना ‘शिकामू’ म्हण, ते आपल्या ‘पाया पडते’ सारखं आहे. रोगी असला तरी वयानं मोठा असेल तर आधी शिकामू, मग स्टेथोस्कोप.

उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, हातानंच खायची, आणि सोबतची म्चिचा म्हणजे आपला माठ. पहिल्या आठवड्यातच आवडेल तुला. आणि एखादा बाप पाय बांधलेली कोंबडी घेऊन आला तर त्याला परत पाठवू नकोस. मी एकदा नियम सांगून परत पाठवलं होतं. तो तिला काखेत धरून फाटकापाशी किती वेळ उभा होता, ते मला अजून दिसतं. कोंबडी हवं तर दवाखान्याच्या स्वयंपाकघरात दे, पण त्याच्या हातून तुझ्या हातात घे.

पीतज्वराची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी टोचून घे आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टमध्ये ठेव. मच्छरदाणीला आळस नको.

रविवारी उपासना सुटल्यावर घरी ये. माझी स्वाहिलीची वही काढून ठेवली आहे. पावसानं काही पानांची शाई पसरलीय, पण पहिलं पान धड आहे. त्यावर त्या सिस्टरनं मला घड्याळ काढून दिलंय, नऊच्या जागी तीन लिहिलेलं.

तुझी,
मावशी