गस्तीवरचं भांडण कुजबुजत चालायचं

युद्धात जंगलातल्या गस्तीवर जवान आपसांत भांडतात का, असं तुम्ही विचारलंय. भांडतात. मी १९८८ मध्ये भारतीय शांतिसेनेत होतो, श्रीलंकेच्या वन्नी जंगलात, मुल्लैतिवूच्या बाजूला. समोर एलटीटीई, म्हणजे तमिळ वाघ. मी स्वतःही भांडलोय.

बहुतेक वेळा कारण पायवाटेचं. वाटेवर सुरुंग असणार हे ठाऊक, म्हणून काट्याकुट्यांतून, वेली बाजूला सारत जायचं. लांब एसएलआर रायफल चार पावलांवर अडकायची. जाताना कोणी कुरकुर करत नसे. परतताना पाणी संपलेलं, खांदे सोललेले, मग कोणीतरी म्हणायचाच, "हवालदारसाहेब, वाटेनं गेलो तर तासाभरात कॅम्प." धोका तर परतीतच जास्त. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शांतिसेनेतलेच मेजर रामस्वामी परमेश्वरन शोधमोहिमेवरून परतत होते, तेव्हाच त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला. छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून घेतली. परमवीरचक्र मरणोत्तर मिळालं. आम्हा सगळ्यांना हे माहीत होतं, तरी घसा कोरडा पडला की हट्ट व्हायचाच.

आणि हे सगळं कुजबुजत. आवाज चढवायची सोय नाही, त्यामुळे राग बाहेर पडतच नाही. दोन-दोन दिवस आत साठून राहतो.

माझं भांडण खोकल्यावरून झालं. आपल्याकडे पाऊस जूनचा, तिकडे खरा जोर ऑक्टोबरनंतर. भिजून भिजून माझी छाती भरली होती. रात्री ओढ्याकाठी दबा धरून पडलो होतो आणि ढास थांबेना. एका खोकल्यानं अख्खी सेक्शन, म्हणजे आमची छोटी तुकडी, गेली असती. शेजारी माझा बडी, म्हणजे जोडीदार जवान, आमच्याच जिल्ह्यातला. त्यानं माझ्या तोंडावर हात दाबला आणि सोडलाच नाही. श्वास कोंडला, मी तडफडलो, चावलो. तरी हात हलला नाही.

रात्रभर त्या वाटेनं कोणीच आलं नाही. उजाडल्यावर मी त्याची कॉलर धरली. "मारणार होतास का मला?" तो म्हणाला, "तू सगळ्यांना मारणार होतास." दोघंही हळू आवाजात, नाकाला नाक लावून. कोणी आलं असतं तर तो बरोबर ठरला असता आणि भांडण तिथंच मिटलं असतं. सुभेदारसाहेब रांगत आले, आम्हाला बाजूला केलं. पण जोडी बदलली नाही. पुढचा दीड दिवस मी त्याच्याच मागे चाललो, एक शब्द न बोलता.

कॅम्पात पोचल्यावर तोच मला डॉक्टरसाहेबांकडे घेऊन गेला. माझी छाती तपासून झाल्यावर त्यांचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. तळवा सुजून काळानिळा झाला होता, दातांचे व्रण स्पष्ट दिसत होते. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "काटा लागला, साहेब."