लग्नाच्या तोंडावर चौरंगाला तडा गेला

लग्न महिन्यावर आलेलं असताना एक तरुण इंजिनीअर माझ्याकडे समुपदेशनासाठी आला. झोप लागत नाही, अन्नावर वासना नाही, ऑफिसात चुका होताहेत, एवढं सांगून झाल्यावर त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. फणसाच्या लाकडाचा चौरंग होता. पाय कोरलेले, कडेने वेलबुट्टी, आणि वरच्या फळीत मधोमध वीतभर तडा.

"मॅडम, हा मी स्वतः केलाय, लग्नानंतरच्या सत्यनारायणासाठी. आता आई म्हणते, शुभकार्याच्या तोंडावर तडा जाणं बरं नाही. मलाही तसंच वाटायला लागलंय. आमचं नीट होईल ना?"

(हकीकत त्याच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

लग्नाआधी असे प्रश्न घेऊन येणारे पुष्कळ भेटतात. कुणाच्या रुखवतातली हाताने केलेली वस्तू फुटते, कुणाच्या पत्रिकेत नाव चुकतं, आणि झोप उडते. अशा वेळी मी शकुन-अपशकुनाची थट्टा करत नाही. आईच्या तोंडून आलेली भीती थट्टेने जात नाही, उलट ती बोलून दाखवायची सोय जाते. मी आधी त्या वस्तूचं नेमकं काय झालंय ते विचारते.

त्याचं गाव दापोलीकडे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, त्यात अंगणातला फणस आडवा झाला. आईने गिरणीवर नेऊन त्याच्या फळ्या काढून घेतल्या आणि पडवीत रचून ठेवल्या. लग्न ठरल्यावर ऐन पावसाळ्यात तो त्यातल्या काही पुण्याला घेऊन आला. घराजवळच्या एका सुतारकाकांनी दुकानात कोपरा दिला, हत्यारं दिली. ऑफिस सुटलं की हा तिथे जायचा.

मी त्याला काकांना तिथूनच फोन लावायला सांगितला. काकांना शकुनाचं काही विचारायची वेळच आली नाही. "फळी आवळून बसवलीस ना रे? मग फाटणारच!" लाकूड कितीही जुनं असलं तरी हवेतला दमटपणा घेतं आणि सोडतं. रेषांच्या आडवं ते फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. कोकणातल्या पडवीत वर्षानुवर्षं राहिलेली फळी पुण्याच्या थंडीतल्या कोरड्या हवेत आकसायला निघाली. याने ती चारी बाजूंनी चौकटीला फेविकॉल लावून वर स्क्रूने पक्की केलेली. सरकायला जागा नाही, म्हणून मधे फाटली. चौकटीला खाच ठेवून फळी त्यात सुटी बसवायची असते, हे काकांनी आधी सांगितलंही होतं. ते दुकानात नसताना याने घाई केली.

आईसाठी मी वेगळा उपाय सुचवला. तुमच्या नेहमीच्या गुरुजींनाच विचारा, म्हटलं. त्या घरात माझ्या शब्दापेक्षा त्यांच्या शब्दाला वजन असणार, आणि ते योग्यच आहे. गुरुजी म्हणाले, दुरुस्त करून घ्या, पूजा मांडताना वर वस्त्र अंथरतोच आपण. आईचं समाधान झालं.

याची झोप मात्र परत आली नाही.

पुढच्या भेटीत कळलं की तो अजून रोज रात्री अकरापर्यंत दुकानातच असतो. तडा सांधायचं काम दोन संध्याकाळींचं, पण त्याला त्याने हातही लावला नव्हता. कोरलेलं पान पुन्हा कोरत होता, गुळगुळीत झालेल्या पायांवर पुन्हा सँडपेपर फिरवत होता. हाताची बोटं दाखवली, टोकं सोलवटलेली.

मी विचारलं, "समजा चौरंग कालच पूर्ण झाला. आज रात्री नऊ वाजता तुम्ही काय करत असाल?"

तो बराच वेळ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "तिला फोन करावा लागेल."

"लागेल?"

मग सगळं बाहेर आलं. आई गावात एकटी. लग्नानंतर ती पुण्यात येणार, हे आईने धरून चाललेलं. होणाऱ्या बायकोने दोघांपुरतं भाड्याचं घर बघून ठेवलेलं. हा आईला म्हणायचा, "बघू लग्नानंतर." तिला म्हणायचा, "आई काही गाव सोडायची नाही." दोघींना अर्धं अर्धं सांगून तो काकांच्या दुकानात जाऊन बसायचा. चौरंग पूर्ण झाला की ही सबब संपणार होती, म्हणून चौरंग पूर्ण होत नव्हता.

त्याच्या हौसेत काही खोट होती असं मला वाटत नाही. वादळात पडलेल्या झाडाचा चौरंग करावासा वाटणं, हे मला फार मोलाचं वाटतं. स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तूवर माणसाचा जीव जडतो, हे प्रयोगांतूनही दिसलं आहे. मायकल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन एरिअली यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात लोक स्वतः जोडलेल्या वस्तूला जास्त किंमत द्यायला तयार झाले. पण काम अर्धवट सोडावं लागलं, किंवा जोडलेलं पुन्हा मोडावं लागलं, तर ती जादा किंमत उरली नाही. हे मी त्याला सांगितलं आणि 'झालं' म्हणायची तारीख ठरवायला लावली. ती तारीख त्याने तिलाही कळवायची होती.

नंतर दोघं मिळून आले. तिला चौरंगाबद्दल काहीच माहीत नव्हतं, कारण सरप्राइज द्यायचं होतं. ती म्हणाली, "मी कधीही फोन केला की मागे रंध्याचा आवाज, आणि हा 'नंतर बोलतो' म्हणणार. मला वाटलं याला लग्नच नकोय." फोटो पाहून तिला रडू आलं, आणि रागही आला. दोन्ही बरोबर होतं. त्या तासात मी फार बोललेच नाही. आईला काय सांगायचं ते दोघांनी एका कागदावर लिहिलं, दोघांचं एकच.

लग्नासाठी स्वतः काही घडवायला घेतलेल्यांच्या घरचे मला विचारतात, "हा त्यातच बुडालाय, काळजी करू का?" मी त्यांना विचारते, काम करून उठल्यावर तो मोकळा दिसतो की आणखी आवळलेला? त्याबद्दल जोडीदाराशी बोलतो का? कुठे थांबायचं हे त्याला माहीत आहे का? वस्तू थोडी वाकडी झाली तर बिघडत नाही. पण झोप आणि भूक दोन आठवडे हरवलेली असेल, छातीत धडधड होत असेल, तर लग्नाची धावपळ म्हणून अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येतं.

चौरंगाची फळी काकांनी सोडवली. तडा दाबून चिकटवला, तो पुन्हा उघडू नये म्हणून खालून डमरूच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे आडवे बसवले, आणि फळी या वेळी खाचेत सुटी ठेवली. चिकटवताना शिकंजा आवळायला ती होती. पुढच्या रविवारी दोघं दापोलीला जाऊन आले. आईने सगळं ऐकून घेतलं, पण लगेच काही ठरवलं नाही. आंब्याचा हंगाम संपेपर्यंत घर सोडणार नाही, एवढंच म्हणाली. त्यानंतरचं तिघांनी बसून बोलायचं ठरलंय.