ठाण्यातल्या कॉलेजात सीएचबीवर (म्हणजे तासिका तत्त्वावर) मार्केटिंग शिकवते. पर्सनल ब्रँडिंगचा पंधरा हजारांचा मास्टरक्लास करावा का?

नका करू. घाईत असाल तर उत्तर इथेच संपलं.

घाई नसेल तर पुढचं वाचा. तुम्ही प्रश्नात लिहिलंय की मास्टरक्लासवाले सर म्हणाले, "मार्केटिंग शिकवणाऱ्याला स्वतःचंच मार्केटिंग जमत नसेल, तर मुलांनी तुमचं का ऐकावं?" हे वाक्य मी आमच्या स्टाफरूममध्ये एका सरांकडून तोंडावर ऐकलेलं आहे. ते हेच सर, असं मी म्हणत नाही. हल्ली हे वाक्य विकणारे पुष्कळ झालेत. पण वाचलं आणि गॅस बंद करून लिहायला बसले.

मीही ठाण्यातच शिकवते. आधी तुमच्यासारखी तासिका तत्त्वावर, मग कायम. बीएमएसला सहाव्या सत्रात ब्रँड मॅनेजमेंट असायचं. (बीएमएस म्हणजे आता बऱ्याच कॉलेजांत बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज. २०२४ला एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या, मान्यतेचं लचांड मागे लागलं आणि पाट्या बदलल्या.) सहावं सत्र म्हणजे जानेवारी ते एप्रिल, म्हणजे आंब्याचे दिवस. ऑक्टोबर २०१८मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं होतं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर, एवढ्या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यालाच ते नाव. यादीत ठाणे आहे याचाच आमच्या पोरांना जास्त आनंद. मानांकनानंतरचा पहिलाच सीझन. साबण आणि कोल्ड्रिंकची तीच ती उदाहरणं देऊन मला वीट आला होता. वर्ग उचलला आणि वाशीच्या फळबाजारात नेला.

पहाटेची ट्रान्सहार्बर लोकल पकडायची म्हटल्यावर निम्म्या जणांच्या आयांचे फोन आले. दिवा-डोंबिवलीची मुलं आदल्या रात्री ठाण्यातल्या मित्रांकडे झोपली. तुर्भ्याला उतरून बाजारात शिरलो तर माथाडी डोक्यावर पेट्या घेऊन "बाजू, बाजू" करत अंगावर येतायत, खाली पेंढा आणि चिखल, आणि आमच्या मुली पांढरे बूट घालून आलेल्या. पहिल्या तीन-चार गाळ्यांवर कुणी दाद दिली नाही. एका अडत्याला मात्र 'ब्रँड' हा शब्द ऐकून हसू आलं. "ब्रँड बघायचाय? या इकडे." त्याने पेटी पुढ्यात ठेवली. वर लाल अक्षरात देवगड. फळ्या उचकल्या, आंब्यांचा वरचा थर काढला, पेंढा सारला. खाली कन्नड वर्तमानपत्र.

वर्गात एक मुलगी होती, घरी कन्नड बोलणारी. तिने ते पान उचलून बातमी वाचायला सुरुवात केली, धारवाडकडची. आम्ही सगळे खो-खो हसतोय आणि तो अडत्या मख्ख. म्हणाला, "आंबा गोड आहे ना?"

त्या एका वाक्यावर मी दोन लेक्चरं घेतली. कारण तो चुकत नव्हता. आंबा गोडच होता. फसवणूक चवीत नव्हती, नावात होती, आणि जास्तीचा पैसा नावाचा घेतला जात होता. पुढचे काही आठवडे पोरं जांभळी नाक्यावर, गोखले रोडला, नौपाड्यात गिऱ्हाइकांना गाठून विचारत होती की देवगडचा आंबा ओळखता कसा? लोक पेटीवरची अक्षरं बघत, मग विकणाऱ्याचा चेहरा. मानांकनाबद्दल आपणहून विचारणारं गिऱ्हाईक पोरांना भेटलंच नाही. मग पोरांनी मांडलं की मानांकन मिळालं तरी ते गिऱ्हाइकापर्यंत पोचवणारं कुणी नाही, भरवसा अजून दुकानदाराच्या नावावरच चालतो. एका मुलाचे काका नौपाड्यात फळं विकतात, ते सादरीकरणाला आले होते. पुढच्या वर्षीपासून ते दुकानाबाहेर फळ्यावर खडूने बागायतदाराचं नाव आणि गाव लिहायला लागले. पाडव्याच्या सुमाराला अजून फोन करतात, "मॅडम, फळा लिहिलाय, बघून जा."

आता आमचे ते स्टाफरूममधले सर. बाजारात ते आले नव्हते. नौपाड्यातही नव्हते. सादरीकरणाच्या दिवशी शेवटच्या पाच मिनिटांत सभागृहात आले, मुलांच्या मधोमध उभे राहिले, फोटो काढला. रात्री लिंक्डइनवर: 'हापूसच्या ब्रँडिंगचा प्रवास, माझ्या विद्यार्थ्यांसोबत.' खाली नेतृत्व, चिकाटी, जमिनीशी नाळ वगैरे. कन्नड पेपरचा किस्साही होता, जणू पेटी त्यांनीच उघडली. पोस्ट तुफान चालली. कुठल्याशा परिसंवादाचं आमंत्रण आलं, आणि जूनमध्ये कॉलेजच्या इंडस्ट्री सेलचं (कंपन्यांशी संपर्क ठेवण्याचं) काम त्यांच्याकडे गेलं.

मी विचारायला गेले तेव्हा ते तुमच्या प्रश्नातलं वाक्य पडलं. वर म्हण: "मॅडम, बोलणाऱ्याची मातीही विकली जाते, न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा विकले जात नाहीत." मी एवढंच म्हटलं की सर, पेटीवर देवगड आहे, आत कुठला पेपर आहे ते मुलांना माहितीये. ते हसले. काही वर्षांनी त्यांनी नोकरी सोडली. आता ते हेच शिकवतात आणि त्याचे पैसे घेतात.

तेव्हा नीट सुचलं नव्हतं ते आता लिहिते. माती विकली जाते, पण एकदाच. पहिली खरेदी आणि पुन्हा खरेदी यातला फरक आपण दुसऱ्याच आठवड्यात शिकवतो ना? मास्तरकीत गिऱ्हाईक तीन वर्षं समोर बसतं. मग त्याचा धाकटा भाऊ येतो, आणि कुणाचा तास बुडवायचा नाही हे तो घरून ऐकून आलेला असतो. त्या वर्गातली एक मुलगी आज एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत पॅकेजिंग बघते आणि आमच्या पोरांना इंटर्नशिप देते. तिने माझी एकही पोस्ट वाचलेली नाही. मी टाकतच नाही.

बरं, तुमचं. तुम्ही सीएचबीवर आहात. आधी सेट किंवा नेट, म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा. जाहिरातीत कॉमर्स लिहिलंय की मॅनेजमेंट ते बघून विषय निवडा, नाहीतर छाननीत अडकाल. २०२३पासून सहायक प्राध्यापकपदाला पीएचडी सक्तीची नाही, पण पुढे सरकायचं तर लागतेच. २०२४पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशालाही चालतात, म्हणजे एका अभ्यासात दोन कामं.

कायम झाल्यावर मोजलं जातं ते यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांतल्या गुणांच्या तक्त्यात. कॉमर्स-मॅनेजमेंटमधल्या शोधनिबंधाला १० गुण, चारही भागांसह पूर्ण मूक (MOOC, म्हणजे सर्वांना खुला ऑनलाइन कोर्स) तयार केला तर २०, विद्यापीठ पातळीवरच्या निमंत्रित व्याख्यानाला २. फॉलोअर्सचा रकाना मला त्यात सापडलेला नाही. निबंधाचं मात्र जपून. मान्य नियतकालिकांची केअर यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५मध्ये बंद केली, आणि 'तीन दिवसांत पेपर छापून देतो'वाल्यांचे व्हॉट्सअॅप सुटलेत. त्यांच्या अंकात नाव छापून आलं तर ते पुसता येत नाही. विद्वान पोर्टल, ऑर्किड (ORCID) आणि गूगल स्कॉलर या संशोधकांच्या साइटवरची आपली माहिती एका संध्याकाळी नीट भरून टाका. शोधणारा माणूस तिथे शोधतो.

मास्टरक्लासवाले 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'चं, म्हणजे उद्योगातल्या अनुभवी माणसांना कॉलेजात शिकवायला घेण्याच्या यूजीसीच्या योजनेचं, गाजर दाखवतात असंही ऐकलंय. ब्रँड बनवा, पीएचडी लागत नाही. २०२२ची ती मार्गदर्शक तत्त्वं आधी वाचा. पंधरा वर्षांचा उद्योगातला किंवा व्यवसायातला अनुभव हवा, आणि शिकवण्याच्या पदावर असलेल्यांना, निवृत्तांनासुद्धा, ती योजना खुली नाही. म्हणजे तुम्हाला आणि मला ते दार बंदच आहे.

ब्रँड हवाच असेल तर एक छोटा विषय धरा आणि पाच वर्षं सोडू नका. राम मारुती रोडची कपड्यांची दुकानं घोडबंदरच्या मॉलसमोर कशी टिकली, यावर नेटाने काम केलं तर पुढच्या वेळी पत्रकार तुम्हालाच फोन करतील. किंवा रबाळे-महापे पट्ट्यातले छोटे कारखानदार घ्या. माल उत्तम, माहितीपत्रक दहा वर्षांपूर्वीचं, विक्री सगळी ओळखीवर. त्यांच्याकडे मार्केटिंगचा माणूस परवडत नाही आणि तुमच्याकडे साठ मुलं बसलेली आहेत. लिंक्डइन ठेवायला माझी ना नाही. महिन्यातून एकदा त्या कामाबद्दल लिहा, मुलांना विचारून, त्यांच्या नावासकट.

आता जरा आवरतं घेते. मी कायम आहे, पगार महिन्याला येतो, म्हणून मला हे बोलणं सोपं जातं. सीएचबीचे पैसे कधी येतात ते मी विसरलेले नाही. ऐरोली-महापेच्या कंपन्यांत ट्रेनिंगची कामं मिळवायची असतील तर तिथे लिंक्डइन खरंच चालतं, आमच्याच एका मुलीने त्यावर घर चालवलंय. खासगी विद्यापीठात जायचं असेल तर मुलाखतीला बसायच्या आधी लोक तुमचं प्रोफाइल उघडतात, तेव्हा ते रिकामं नको. आणि गुणांचा तक्ता काढून टाकायचा मसुदा यूजीसीने जानेवारी २०२५मध्ये काढलाय. त्यात नऊ क्षेत्रांतल्या उल्लेखनीय कामापैकी किमान चारांत काहीतरी दाखवायचं आहे, तेव्हा अर्ज करण्याआधी सध्या काय लागू आहे ते कॉलेजच्या आयक्यूएसीच्या (गुणवत्ता कक्षाच्या) माणसाला विचारून घ्या. फी तुमचं कॉलेज भरणार असेल तर मास्टरक्लासला खुशाल जा, जेवण चांगलं असतं म्हणे.

स्वतःच्या खिशातून मात्र नाही. आणि सर, तुम्ही हे वाचत असाल तर, त्या फोटोतल्या डावीकडून तिसरीने ती कन्नड बातमी वाचली होती. तिला अजून टॅग केलेलं नाही.