वाचकांचे प्रश्न : पेंटबॉलसाठी हवेची पहिली टाकी

प्रश्न : स. न. वि. वि. आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमचा मुलगा चौदा वर्षांचा असून गेल्या उन्हाळ्यापासून शाळेतल्या मित्रांबरोबर पेंटबॉल, म्हणजे एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडण्याचा खेळ, खेळायला जातो. आतापर्यंत तो मैदानावरचे भाड्याचे सामान वापरत असे. वाढदिवसाला त्याच्या काकांनी त्याला टिपमन ९८ कस्टम हा मार्कर, म्हणजे हवेच्या दाबाने त्या गोळ्या सोडणारी बंदूक, घेऊन दिला, मात्र त्याबरोबर हवेची टाकी नव्हती. दुकानात ‘४८/३०००’ आणि ‘६८/४५००’ अशा आकड्यांच्या टाक्या दिसल्या आणि त्यांच्या किमतींत बराच फरक आहे. त्यातच मुलाच्या मित्राचा थोरला भाऊ त्याची वापरलेली ६८/४५०० टाकी साठ डॉलरना द्यायला तयार आहे. तिच्या लेबलावर मार्च २०१२ आणि मानेजवळच्या छोट्या पट्टीवर मार्च २०१७ असे छापलेले आहे. एवढ्या दाबाची वस्तू घरात ठेवायची म्हणून सासूबाई धास्तावल्या आहेत आणि खरे सांगायचे तर मीही. कोणती टाकी घ्यावी? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आपल्या सासूबाईंची धास्ती अनाठायी नाही, म्हणून आधी आकड्यांचा अर्थ पाहू. पहिला आकडा टाकीचे आतले घनफळ घनइंचांत सांगतो. दुसरा आकडा तीत जास्तीत जास्त किती दाबाने हवा भरता येते ते पीएसआयमध्ये, म्हणजे दर चौरस इंचाला किती पौंड या मापात, सांगतो. आपल्या गाडीच्या टायरमध्ये बत्तीस-पस्तीस पीएसआय हवा असते, हे ध्यानात घेतले म्हणजे ३००० किंवा ४५०० म्हणजे काय याची कल्पना येते. एवढा दाब सुरक्षितपणे पेलण्यासाठीच या टाक्या बनवलेल्या असतात आणि दरवर्षी असंख्य मुले त्या निर्धोकपणे वापरतात. पण हा निर्धोकपणा तारखा, तपासणी आणि हाताळणी यांच्यावर उभा आहे, टाकीच्या किमतीवर किंवा आकारावर नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, पहिली टाकी निवडताना ‘कोणती मोठी’ याआधी ‘ती कुठे भरली जाणार आणि तिच्यावरची तारीख काय’ हे दोन प्रश्न विचारावेत.

आपल्या मुलासाठी मी नवी, ॲल्युमिनियमची ४८/३००० टाकी सुचवीन. एका भरण्यात ती साधारण साडेचारशे ते पाचशे गोळ्या सोडते. मार्करवरच्या हॉपरमध्ये दोनशेच्या आसपास गोळ्या मावतात आणि जादा गोळ्यांसाठी कमरेला लावायच्या नळीत एकशे चाळीस, म्हणजे एक भरलेला हॉपर आणि दोन नळ्या एवढा खेळ तिच्यात निघतो. टिपमनसारख्या यांत्रिक मार्करने चौदा वर्षांचा मुलगा एका डावात सहसा एवढ्या गोळ्या संपवत नाही, आणि दोन डावांच्या मध्ये टाकी पुन्हा भरून मिळते. ६८/४५०० टाकीत दुपटीहून जास्त हवा बसते आणि हजारभर गोळ्या निघतात. ती ॲल्युमिनियमच्या पातळ नळकांड्यावर कार्बन तंतू गुंडाळून बनवलेली असल्यामुळे एवढी हवा घेऊनही वजनाला ४८/३०००च्या आसपासच भरते. स्पर्धेत उतरणाऱ्या, इलेक्ट्रॉनिक मार्करने भराभर गोळ्या सोडणाऱ्या खेळाडूला तिचाच उपयोग आहे. आपला मुलगा वर्षभर नेमाने खेळला आणि त्याची गोडी टिकली, तर तेव्हा तिचा विचार करावा. तोवर किमतीतल्या फरकाचे पैसे चांगल्या मास्कवर घालावेत, कारण या खेळात डोळ्यांची इजा हीच खरी मोठी भीती आहे. मास्क खास पेंटबॉलसाठी बनवलेला असावा आणि मैदानाच्या आत तो क्षणभरही उतरवायचा नाही, हे मुलाला बजावून सांगावे.

४५००ची टाकी घेण्यापूर्वी मैदानावर आणखी एक गोष्ट विचारावी लागते, ती म्हणजे तिथे ४५०० पर्यंत हवा भरून मिळते का. काही ठिकाणी ३००० वरच थांबतात. मग जास्तीचे पैसे मोजून घेतलेली क्षमता रिकामीच राहते. याच्या उलट चूक मात्र घातक ठरू शकते : ३०००ची टाकी ४५००च्या भरणीला, म्हणजे हवा भरण्याच्या नळीला, कधीही लावायची नाही. अशा वेळी बचाव व्हावा म्हणून टाकीच्या तोंडावर बसवलेल्या रेग्युलेटरवर बर्स्ट डिस्क नावाची छोटी पितळी चकती असते. दाब मर्यादेबाहेर गेला की ती फुटते आणि हवा मोठ्या आवाजाने बाहेर पडते. ३०००च्या टाकीला ती ५००० पीएसआयची असते आणि ४५००च्या टाकीला ७५०० पीएसआयची. ही चकती फुटली तर नवी बसवण्याचे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे, कारण ३०००च्या टाकीला चुकून ७५००ची चकती बसली तर तिचे संरक्षणच संपते.

रेग्युलेटर विकत घेताना त्याचा बाहेर येणारा दाब पाहावा. टाकीतला हजारो पीएसआयचा दाब तो उतरवतो आणि मार्करला ठरावीक दाबाने हवा देतो. टिपमन ९८ला सुमारे ८०० पीएसआय देणारा नेहमीचा रेग्युलेटर लागतो. काही टाक्यांवर ४५० पीएसआय देणारा कमी दाबाचा रेग्युलेटर असतो. तो या मार्करवर लावला तर गोळीला वेग मिळत नाही आणि मग मुलगा वेगाचा स्क्रू पिळत बसतो. दुकानदाराला मार्करचे नाव सांगून टाकी घेतली की हा प्रश्न उरत नाही.

आता त्या वापरलेल्या टाकीकडे वळू. भारतात आपल्या घरच्या गॅस सिलिंडरच्या कड्यावर ‘ए’, ‘बी’, ‘सी’ किंवा ‘डी’ हे अक्षर आणि वर्षाचा आकडा असतो आणि त्यावरून पुढची तपासणी कोणत्या तिमाहीत करायची ते कळते, हे आपल्याला ठाऊक असेल. इथेही तत्त्व तेच आहे. अमेरिकी नियमांनुसार अशा टाकीची दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली चाचणी घ्यावी लागते आणि खेळाडू तिला नुसतेच ‘हायड्रो’ म्हणतात. कार्बन तंतूच्या टाकीचे एकूण आयुष्यही ठरलेले असते, बनल्यापासून पंधरा वर्षे. आपण कळवलेल्या तारखांवरून हिशेब सरळ लागतो. शेवटची चाचणी मार्च २०१७ची, म्हणजे तिची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली. आणि टाकी मार्च २०१२ची, म्हणजे मार्च २०२७ नंतर ती चाचणीत उत्तीर्ण झाली तरी वापरता येणार नाही. साठ डॉलर देऊन, वर चाचणीचा खर्च करून, थोड्याच काळासाठी ही टाकी घेण्यात काही अर्थ नाही. ॲल्युमिनियमच्या टाकीलाही पाच वर्षांनी चाचणी लागते, पण तिला पंधरा वर्षांची मर्यादा नाही. चाचणीत उतरत राहिली तर ती वापरात राहते. पहिल्या टाकीसाठी मी ॲल्युमिनियम सुचवण्याचे हेही एक कारण आहे. दुसरे कारण म्हणजे मुले टाकी आदळतात, दगडावर घासतात. कार्बन तंतूंच्या आवरणावर खोल चरा पडून तंतू तुटले तर ती टाकी बाद होऊ शकते.

माझ्या मुलीची टाकी मी पहिल्यांदा भरायला नेली, तेव्हा भरणीवरच्या माणसाने ती हातात घेतली, अंगठ्याने लेबलावरची माती पुसली, टाकी उजेडाकडे फिरवून महिना आणि वर्ष वाचले आणि मगच नळीकडे हात नेला. त्या दोन-तीन सेकंदांनी माझा त्या मैदानावर जेवढा विश्वास बसला, तेवढा तिथल्या कोणत्याही पाटीने बसला नसता. आपणही मुलाला प्रथम सोडायला जाल तेव्हा तिथे टाकीची तारीख पाहतात का, हे स्वतः उभे राहून पाहावे. पाहत नसतील तर दुसरे मैदान शोधावे.

घरात पाळायच्या दोन गोष्टी मी जरा विस्ताराने सांगतो, कारण या बाबतीतले वाईट अपघात त्यांच्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच होतात.

पहिली गोष्ट सांध्याची. टाकीला दोन सांधे असतात : एक रेग्युलेटर आणि मार्कर यांच्यामधला, जो रोज फिरवायचा असतो, आणि दुसरा रेग्युलेटर आणि नळकांडे यांच्यामधला, जो आपण कधीच फिरवायचा नसतो. मार्करवरून टाकी काढताना चुकून हा दुसरा सांधा सैल होऊ लागला, तर भरलेले नळकांडे बंदुकीच्या गोळीसारखे सुटू शकते. अमेरिकेत अशा प्रकारे व्हॉल्व्हपासून सुटलेल्या टाक्यांमुळे माणसे दगावली आहेत. यावर एक साधा उपाय आहे. नवी टाकी घरी आणताच नेलपॉलिशने रेग्युलेटरपासून नळकांड्यापर्यंत एक सरळ उभी रेघ ओढावी आणि ती वाळू द्यावी. रेघेचे दोन तुकडे एकमेकांसमोरून जरासेही सरकलेले दिसले, तर टाकीला अधिक हात न लावता ती जाणकाराकडे द्यावी. हे काम सासूबाईंकडे सोपवावे असे मी मनापासून सुचवतो. दर शनिवारी सकाळी रेघ पाहणारे एक दक्ष माणूस घरात असले, तर मुलाच्या उत्साहाला चांगली जोड मिळेल.

दुसरी गोष्ट तेलाची. टिपमनचा मार्कर नीट चालावा म्हणून टाकी जिथे बसते त्या खोबणीत तेलाचे काही थेंब टाकायचे असतात, आणि ते योग्यच आहे. पण तेच तेल मुले टाकीच्या भरणीच्या तोटीवरही लावतात. हवा तिथून प्रचंड दाबाने आत शिरते, क्षणात तापते, आणि तेलाचा अंश असेल तर आतल्या आत पेट घेऊ शकते. म्हणून भरणीची तोटी नेहमी कोरडी आणि स्वच्छ ठेवावी आणि तिच्यावर टोपण घालावे. मुलाने मार्करला तेल देताना टाकी दुसऱ्या खोलीत ठेवली तर सर्वांत उत्तम.

बाकीचे थोडक्यात सांगतो. टाकी सावकाश भरून घ्यावी. घाईने भरली की ती हाताला कोमट लागते आणि निवल्यावर काटा दोन-तीनशे पीएसआय खाली येतो. उन्हाळ्यात ती बंद गाडीत ठेवू नये. पूर्ण रिकामी करू नये, थोडा दाब आत राहू द्यावा म्हणजे दमट हवा आत शिरत नाही. सांध्यावर बसणारी छोटी रबरी ओ-रिंग फाटते आणि टाकी लावताना फुसकारा ऐकू येतो. अशा चार-पाच ओ-रिंगा खिशात असाव्यात.

प्रश्न : मी टोरांटोजवळ राहतो आणि माझ्याकडे चुलतभावाचा कार्बन डायऑक्साइडचा वीस औंसांचा सिलिंडर पडून आहे. टिपमनच्या मार्करवर हा चालतो असे ऐकले. मग हवेची टाकी घ्यायचीच कशाला? — एक वाचक, ओंटारिओ

उत्तर : चालतो हे खरे आहे, आणि या खेळाची सुरुवातही त्याच वायूवर झाली. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधील हेनिकर इथल्या रानात पहिला डाव झाला. त्यात झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करण्यासाठी बनवलेली नेलस्पॉट पिस्तुले वापरली होती आणि ती कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या काडतुसांवर चालत. ‘मार्कर’ हे नावही त्याच खुणेवरून आले.

अडचण थंडीची आहे. सिलिंडरमध्ये हा वायू द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब तापमानावर ठरतो. २० अंश सेल्सिअसला तो सुमारे ८३० पीएसआय असतो, तर शून्य अंशाला सुमारे ५०० पर्यंत उतरतो. भराभर गोळ्या सोडल्या की द्रवाचा वायू होताना सिलिंडर आणखी थंड पडतो, कधी द्रवच मार्करमध्ये शिरतो, आणि एकाच डावात एक गोळी जवळ पडते तर दुसरी मर्यादेपेक्षा वेगाने जाते. मैदानावर डावापूर्वी वेग मोजतात आणि साधारण २८० ते ३०० फूट प्रति सेकंद ही कमाल मर्यादा असते. सकाळच्या गारठ्यात मोजलेला वेग दुपारी ऊन पडल्यावर वाढलेला असू शकतो, ही बाब मला सर्वांत जास्त खटकते. रेग्युलेटरमधून येणारी हवा मात्र ऋतू कोणताही असला तरी जवळपास एकाच दाबाने येते. ओंटारिओतल्या हवेत खेळायचे असेल तर तिचाच आधार घ्यावा. टाकी अमेरिकेतून आणणार असाल, तर तिच्यावर ‘टीसी’ ही कॅनडाची खूण आहे ना, हे आधी पाहावे.

प्रश्न : माझा भाचा दिवाळीत अमेरिकेहून पुण्याला येणार आहे. त्याच्याकडून ४८/३००० टाकी मागवून इथे टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर भरता येईल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : येणार नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. टायरच्या दुकानातला कॉम्प्रेसर दीडशे पीएसआयच्या आसपास थांबतो. तीन हजारांसाठी वेगळी यंत्रणा लागते आणि तिच्यातून येणारी हवा कोरडी व तेलविरहित असावी लागते. विमानात नेण्यासाठी अमेरिकी विमानतळांवर टाकीचा रेग्युलेटर पूर्ण काढून आतली बाजू उघडी दाखवावी लागते, आणि तो घरी काढू नये हे मी वर सांगितलेच आहे. शिवाय भारतात ५०० मिलिलिटरपेक्षा अधिक घनफळाचे सिलिंडर गॅस सिलिंडर नियम, २०१६ यांच्या कक्षेत येतात, आणि ४८ घनइंच म्हणजे जवळजवळ ७८७ मिलिलिटर होतात. असा सिलिंडर मान्यताप्राप्त असावा लागतो आणि आयातीला परवाना लागतो. हे काम पाहणाऱ्या ‘पेसो’ या संस्थेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. आपण मैदानावरची भाड्याची टाकीच वापरावी आणि हातात घेताना तिच्यावरची तपासणीची तारीख वाचावी. भाच्याकडून काही मागवायचेच असेल, तर चांगला मास्क मागवावा. तो बॅगेत सहज मावतो.