डोंगरउतारावर रिसॉर्ट काढताय? आधी उताराची रेघ कुठून जाते ते लेखी घ्या

तुम्ही लिहिलंय, भोरकडे चार-साडेचार एकर उताराची जागा, इसार देऊन झालाय, उरलेली रक्कम दिवाळीपर्यंत द्यायची. वर झिपलाइन, खाली दहा-बारा कॉटेज, मधल्या टप्प्यावर तंबू. आर्किटेक्ट म्हणतोय की कॉटेज लोखंडी खांबांवर उचलली की ते बांधकाम धरत नाहीत, ग्रामपंचायतीचा ना हरकत घेतला की झालं. तुमचा प्रश्न एवढाच की पुढे जावं का.

आत्ता जाऊ नका. सगळं वाचून मग ठरवा. मी वकील नाही, नगररचनाकारही नाही. स्वतःच्या जागेसाठी या फेऱ्यातून गेलेला माणूस आहे. नियम बदलत असतात, तेव्हा मी सांगतोय ते ताज्या नियमावलीशी ताडून घ्याच. सातबारा, फेरफार, शेतकरी दाखला, वर्ग 1 की वर्ग 2, रस्त्याचा हक्क हे सगळं तुम्ही बघितलंय असं धरून चालतो.

आधी ते खांबांचं. हा सल्ला मला तीन वेगवेगळ्या लोकांनी मोठ्या आत्मविश्वासाने दिला होता. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 मध्ये ‘विकास’ म्हणजे काय हे कलम 2(7) मध्ये लिहिलंय. त्यात जमिनीवर, जमिनीखाली किंवा जमिनीच्या वर केलेलं काम येतं आणि जमिनीच्या वापरातला बदलही येतो. म्हणजे कॉटेज खांबावर असो, कंटेनर असो, नाहीतर पक्क्या चौथऱ्यावरचा तंबू, शेतजमिनीवर पैसे घेऊन पाहुणे उतरवायला लागलात की वापर बदलला. झिपलाइनच्या टॉवरला काँक्रीटचा पाया लागतो, तोही त्यात आला. कलम 53 ची, म्हणजे विनापरवाना बांधकामाची, नोटीस आली की ‘हे उचलून नेता येतं हो’ म्हणून भागत नाही.

ग्रामपंचायतीचा ठराव जरूर घ्या, गावाशी संबंध चांगले राहतात. पण गावठाणाबाहेर ती बांधकाम परवानगी नव्हे. तुमचं गाव पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) हद्दीत आहे की बाहेर हे आधी बघा, कारण भोर तालुक्याचा काही भाग आत आहे, काही बाहेर. आत असाल तर अर्ज तिकडे, बाहेर असाल तर जिल्हाधिकारी कार्यालय आणि नगररचना विभाग. शेजारच्या गावातल्या माणसाचा अनुभव तुम्हाला लागू होईलच असं नाही, ते याचमुळे.

आता मुद्द्याचं. तुम्ही झोन दाखल्याचा (जागा कुठल्या विभागात येते त्याचा दाखला) फोटो टाकलाय. त्यात लिहिलंय, ‘भागशः शेती विभाग, भागशः डोंगरमाथा-डोंगरउतार विभाग’. हे वाचून मला घाम फुटला, कारण माझ्या दाखल्यावर अक्षरशः हेच होतं. तुमचा आख्खा प्रकल्प या ‘भागशः’ शब्दावर अडणार आहे. कुठला भाग शेतीत आणि कुठला डोंगरउतारात, ती रेघ गटातून नेमकी कुठून जाते, हे दाखल्यात नाही.

मी ते विचारायला गेलो. कार्यालयाचं नाव घेत नाही, जिल्हाही सांगत नाही. मला सांगितलं, रेघ जागेवर दाखवणं आमचं काम नाही, मोजणी खात्याकडून आखून आणा. मोजणीवाले म्हणाले, आमच्या रेकॉर्डला गटाच्या हद्दी आहेत, प्रादेशिक आराखड्यातली (विभाग दाखवणाऱ्या सरकारी नकाशातली) रेघ आमच्याकडे नाही, ज्यांची रेघ आहे त्यांनी दाखवावी. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर. पुन्हा पहिल्या कार्यालयात. तिथे एक टेबल ‘भाग नकाशासाठी (आराखड्यातल्या तेवढ्या भागाच्या नकाशासाठी) वेगळा अर्ज करा’ म्हणालं, दुसऱ्याने तो अर्ज ‘आधी मोजणीची क प्रत (मोजणी खात्याचा हद्दीचा नकाशा) जोडा’ असा शेरा मारून परत केला. साहेब मीटिंगला. साहेब बदलून गेले. नवीन साहेबांना फाइल पुन्हा पहिल्या पानापासून समजावून सांगायची.

शेवटी एका लिपिकाने ‘मदत’ केली. आराखड्याची झेरॉक्स आणि माझ्या गटबुकाची (गटाच्या हद्दीच्या सरकारी नकाशाची) झेरॉक्स खिडकीच्या काचेवर उजेडात एकावर एक धरली, बोथट पेन्सिलीने एक रेघ ओढली आणि म्हणाला, साधारण अशी जाते बघा. झेरॉक्समध्ये स्केल आकसतं, दोन कागदांची स्केलं मुळातच वेगळी, आणि 1:50,000 च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर 25 मीटर रुंद होते. पंचवीस मीटरमध्ये माझा डायनिंग हॉल आणि स्वयंपाकघर दोन्ही बसत होते. त्या पेन्सिलीच्या रेघेच्या भरवशावर बँकेने हप्ता सोडला नाही हे एका परीने बरंच झालं. पण मंजूर कर्जाचे खर्च, ठेकेदाराची उचल आणि मुंबईहून येणाऱ्या डिझायनरची फी चालूच होती. डोंगरात काम करायला नोव्हेंबर ते मे एवढेच महिने मिळतात. एक कागद मार्चमध्ये अडला की तो हंगाम गेला, पुढचा पाऊस काढून मगच पुन्हा माणसं मिळतात. पैसा सगळ्यात जास्त तिथे गेला, ना सिमेंटमध्ये ना लोखंडात. असो. या विषयावर मी बोलायला लागलो की घरचे उठून जातात.

सुटका अशी झाली. मूळ आराखड्याच्या भाग नकाशाची प्रमाणित प्रत माहिती अधिकारात मागितली. त्यात ‘गट नंबर दर्शवून’ असे शब्द मुद्दाम घातले. समांतरपणे हद्दकायम मोजणी करून क प्रत घेतली. मग डीजीपीएसवाला (अचूक जीपीएसने मोजणारा) सर्व्हेअर लावून गटाची हद्द, प्रमाणित नकाशा आणि जागेचे कंटूर (सारख्या उंचीच्या रेषा) एकाच शीटवर आणले आणि ती शीट अर्जासोबत लावून ‘ही रेघ मान्य आहे किंवा कसे, लेखी कळवावे’ एवढा एकच प्रश्न विचारला. एका अर्जात एकच प्रश्न. चार विचारले की त्यातल्या सोप्याचं उत्तर येतं. अर्ज आवक-जावकला देऊन पोच घ्या, टेबलावर ठेवून येऊ नका. 2015 चा लोकसेवा हक्क कायदाही आहे. तुम्ही मागताय ती सेवा त्यात अधिसूचित असेल तर मुदतीनंतर अपील करता येतं. मला हे फार उशिरा कोणीतरी सांगितलं.

रेघ ठरली तरी दुसरी चाळणी आहेच, प्रत्यक्ष उताराची. 1:5 किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकाम नाही, आणि तिथे खोदून सपाट करणं किंवा भराव घालणंही नाही. पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढ, म्हणजे साधारण 11 अंश. आकडा लहान वाटतो आणि तीच फसगत आहे. सह्याद्रीत फिरणाऱ्याला 11 अंश म्हणजे पठारच वाटतं. तुम्ही टाकलेल्या फोटोत बैल चरतायत ती जागा मला तरी 1:5 पेक्षा चढी दिसते. फोटोवरून नक्की सांगता येत नाही, पण तिथे कॉटेज धरून चालू नका.

तुमच्या जागेत जुन्या नाचणी-वरईच्या ताली (उतारावर बांध घालून केलेल्या पायऱ्या) दिसतायत. सर्व्हेअर घाईत असेल तर प्रत्येक तालीच्या सपाट भागावरच पॉइंट घेतो आणि नकाशात जमीन गरीब गोगलगाय, म्हणजे जवळजवळ सपाट, होऊन बसते. छाननी करणाऱ्याला जागेवर आल्यावर बांध दिसतात, मग तुमच्या सगळ्याच कागदांवरचा त्याचा विश्वास उडतो. बांधाचा माथा आणि बांधाचा पाय असे दोन्ही पॉइंट घ्यायला लावा, कंटूर एक मीटरचे काढा. आणि उतार काढायचा कसा, आख्ख्या गटाची सरासरी की जिथे कॉटेज बसणार तेवढ्याच तुकड्याचा, हे सुरुवातीलाच लेखी विचारा. मला एकाच इमारतीत दोन मजल्यांवर दोन उत्तरं मिळाली होती. माझं मत विचाराल तर तुकड्या-तुकड्याने मोजा आणि त्यात बसेल तेवढंच बांधा. सरासरीने परवानगी मिळेलही, पण पाऊस सरासरी बघत नाही.

पावसाचं गंमतीने म्हणत नाही. माळीण 30 जुलै 2014, तळीये 22 जुलै 2021, इरशाळवाडी 19 जुलै 2023 ची रात्र. तुम्ही जागा मार्चमध्ये बघितली आहे. जुलैत चार दिवस सलग पाऊस पडल्यावर परत जा, आणि मुरूम संपून काळा कातळ जिथे सुरू होतो त्या सांध्यातून कुठे उपळ (पाण्याचा पाझर) फुटलीये ते खुणा करून ठेवा. तिथे पाया नको, सेप्टिक टँक तर नकोच नको. उतार कापून सपाट टेबल करायचं आणि मागे रिटेनिंग वॉल उभी करायची, ही शहरी ठेकेदारांची आवडती पद्धत. भिंतीमागे दगडगोट्यांचा फिल्टर आणि भिंतीत पाणी निघायला भोकं नसतील तर ती भिंत मातीबरोबर पाणीही अडवते आणि एके दिवशी दोन्ही घेऊन खाली येते. भारतीय मानकांमध्ये डोंगरी भागातल्या रिटेनिंग वॉलसाठी आयएस 14458 आहे, जागा निवडण्यासाठी आयएस 14243 आहे. तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला हे दोन नंबर सांगून बघा. त्याने ऐकलेच नसतील तर इंजिनिअर बदला. लहान कॉटेज, कंटूरच्या दिशेने आडवी, कमीत कमी खोदाई. खांबांवर उचलणं इथे खरंच चांगलं, फक्त ते परवानगी चुकवायला नव्हे, पाणी खालून जाऊ द्यायला.

खोदाईवरून आठवलं. जेसीबी लावण्याआधी गौण खनिजाचं (मुरूम, माती, दगड) विचारून घ्या. मुरूम काढून बाहेर नेलात तर सरळ महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचं कलम 48(7), बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, आणि जेसीबी जप्त होतो तो वेगळाच. तिथलाच मुरूम तिथेच वापरला तर काय, यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेलेले आहेत. पंचनामा करायला आलेल्या तलाठ्याशी तो वाद घालू नका, आधी तहसीलला अर्ज देऊन ठेवा. झाडांचंही तसंच. हिरडा, जांभूळ, ऐन, किंजळ ही 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीतली झाडं, स्वतःच्या मालकीची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

आणखी एक, हे वकिलांच्याही नजरेतून सुटतं. जुने फेरफार काढून ‘खाजगी वन’ किंवा ‘35(3)’ (भारतीय वन अधिनियमातलं नोटिशीचं कलम) असा उल्लेख कुठे आहे का बघा. 30 ऑगस्ट 1975 ला महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम लागू झाला आणि अनेक डोंगरी गटांवर अशा नोंदी बसल्या. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोदरेजच्या प्रकरणात, 35(3) ची नोटीस नुसती निघाली होती एवढ्यावरून जमीन वन होत नाही असा निकाल दिला. पण तुमच्या गटाला तो लागू होतो का हे वन खातं आपणहून सांगत नाही. सोबत पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची गावांची यादीही बघा. 31 जुलै 2024 च्या मसुद्यात महाराष्ट्रातलं 17,340 चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. त्यात 20,000 चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकाम प्रकल्पांना मनाई प्रस्तावित आहे. तुमचा प्रकल्प त्याच्या आसपासही जात नाही, पण गाव यादीत असेल तर प्रत्येक टेबलावर तो प्रश्न येतो. उत्तर खिशात असू द्या.

झिपलाइनचं वेगळं. 24 ऑगस्ट 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. प्रशिक्षित माणसं, प्रथमोपचार, बचावाची तयारी, विमा हे सगळं तिथे बघतात. त्या नोंदणीचा बांधकाम परवानगीशी संबंध नाही, आणि हे उलटंही खरं. केबल झाडाला बांधायचा विचार असेल तर तो सोडा. आणि मधेच अडकलेल्या माणसाला खाली कसं आणणार हे टॉवरची जागा ठरवतानाच ठरवा, नंतर तिथे शिडीही पोचत नाही. गवती छपराच्या कॉटेज फोटोत छान दिसतात, पण मार्च-एप्रिलमध्ये शेजारच्या डोंगराला वणवा लागतो तेव्हा हद्दीवर जाळरेषा (गवत आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा) काढलेली नसेल तर काय होतं ते मी बघितलंय. पाण्याचा टँकर वळेल एवढा रस्ता कॉटेजपर्यंत ठेवाच.

आता दिवाळीच्या मुदतीचं. इसारपावतीला पुरवणी करून घ्या. प्रमाणित भाग नकाशा आणि क प्रत आल्याशिवाय उरलेली रक्कम देय नाही, आणि डोंगरउतार विभागाबाहेरचं क्षेत्र अमुक गुंठ्यांपेक्षा कमी निघालं तर इसार परत. वकील म्हणेल, असं कोणी लिहीत नाही. लिहायला लावा. मोजणीचा अर्ज मात्र आजच मालकाच्या सहीने टाका, तातडीची फी भरून, कारण नंबर लागायलाच वेळ जातो. भाग नकाशा हातात आला की गट नंबर आणि नावं झाकून इथे टाका, कॉटेज कुठे बसतील ते बघून सांगतो.