नवा पॅड घेण्याआधी

प्रिय मित्रा,

सोयाबीनचे पैसे हातात आले की रोलंडचा एसपीडी-20 हा तुझा इलेक्ट्रॉनिक तालपॅड विकून त्याच कंपनीचा एसपीडी-30 घ्यायचा आणि जोडीला घरच्या रेकॉर्डिंगसाठी कंडेन्सर माइक, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणारा, असा तुझा बेत कळला. नाही म्हणायला मी तुझा बाप नाही. पण विचारलंस म्हणून सांगतो.

आधी पॅडचं. तुझ्या एसपीडी-20 मध्ये 700 आवाज आणि 99 पॅच, म्हणजे पॅडांवर बसवलेल्या आवाजांचे संच, आहेत. परवाच्या जागरणात तू दोन-तीन पॅचवर अख्खी रात्र काढलीस, आणि थाप हलकी असो की जोराची, संबळ एकसारखाच वाजत होता. अरे, त्याच मशीनमध्ये एका पॅडवर दोन आवाज बसवता येतात. हलक्या हाताला एक, जोराच्या हाताला दुसरा. प्रत्येकाची पट्टीही वरखाली करता येते. संबळाचं चढं तोंड एका पॅडवर, खर्जाचं दुसऱ्यावर ठेव, दोन्हींत असे थर लाव आणि घरच्या गोंधळ्यांना ऐकव. ते नाक मुरडतील, तिथून पुढचं काम सुरू.

तुला खरं तर आपल्या गावच्या संबळाचा स्वतः रेकॉर्ड केलेला आवाज पॅडवर हवाय ना? मग ऐक, एसपीडी-30 मध्येही तो टाकता येत नाही. त्यासाठी एसपीडी-एसएक्ससारखा सॅम्पलिंग पॅड लागतो. म्हणजे तू पैसे मोजून नेमकी हवी ती गोष्ट सोडून बाकी सगळं घरी आणणार होतास. यूएसबीने कॉम्प्युटरला जोडायचं असेल, वाजवता वाजवता लूप लावायचा असेल, म्हणजे वाजवलेलंच पुन्हा पुन्हा फिरवायचं असेल, तर एसपीडी-30 जरूर घे. जुन्यात ते नाही.

तुणतुण्याला एकच तार असते, गोंधळी त्यावर रात्र जागवतात, मग तुला कशाला एवढं लागतं, असले दाखले मी देणार नाही. तुणतुण्याचं काम वेगळं, तुझं वेगळं.

माइकचं म्हणशील तर कंडेन्सरला लागणारे 48 व्होल्ट तुझ्या इंटरफेसमध्ये, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडायच्या डब्यात, आहेत. अडचण खोलीची आहे. वर पत्रे, उन्हाळाभर कूलर, दाराशी टँकर आला की बायामाणसांचा गलका. कंडेन्सर हे सगळं इमानाने टिपून ठेवील. तुझ्याकडचा एसएम58 हा 1966 पासून मंचावर चालत आलेला माइक आहे. तोंडापासून चार बोटांवर धरला की खर्ज भरतो, वीतभर लांब नेला की आवाज पातळ होतो. एवढ्या अंतरात पुष्कळ खेळ आहे, तो आधी खेळून बघ. त्याला पाठीमागचं कमी ऐकू येतं, म्हणून पाठ कूलरकडे कर. आणि गाणाऱ्याच्या मागच्या भिंतीवर दोन जाड वाकळा टांग, कारण माइकचं तोंड त्याच भिंतीकडे असतं.

जमवण्याची हौस वाईट नाही. पॅरिस रीडची (रीड म्हणजे पेटीचे सूर, आतल्या वाजणाऱ्या पितळी पट्ट्या) जुनी पेटी कुठे निघाली तर मलाही राहवत नाही. पण पेटी ही कपाटात ठेवायची वस्तू नव्हे. न वाजवता पडली तर भात्याच्या घड्या चिरतात, सुरांत धूळ बसते, चामड्याला उंदीर लागतात. ज्या वाद्यांवरून आठवड्यातून एकदा तरी तुझा हात फिरेल, तेवढीच घरात ठेव. उरलेली वाजवणाऱ्याला देऊन टाक, वाटल्यास उसनी दे.

एक वही कर. कार्यक्रमात सामानामुळे अडलास की त्या रात्रीच लिही, नेमकं काय अडलं ते. बोट चुकलं ते त्यात लिहायचं नाही, तेवढा प्रामाणिकपणा ठेव. तुळशीच्या लग्नानंतर तुझ्या तारखा सुरू होतील. तो हंगाम संपेपर्यंत एकच अडचण वारंवार दिसली, तर पैसे तिथेच घाल. हप्त्यावर मात्र काही घेऊ नकोस. मराठवाड्यात पावसाचा भरवसा नाही आणि सुपारीचाही नाही.

चांगल्या केबली, दणकट स्टँड आणि पॅडवर टाकायला कापड, हे मात्र आजच घे. अडॅप्टर मूळचाच वापर. बाजारातल्या कुठल्याही नऊ व्होल्टच्या अडॅप्टरची प्लस-मायनस उलटी निघू शकते.

पुढच्या वेळी लातूरला येशील तेव्हा पॅड घेऊन ये. एक मारलं की दोन वाजतात म्हणालास, ते बहुधा सेन्सिटिव्हिटीच्या सेटिंगचं असेल. इथेच बसून बघू.

तुझा,
काका